दोन निळे आणि दोन नवरदेव

एका गावात एक भोळा बाप होता, म्हाळोबा. तो मूर्ख आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याला मात्र कुणी कळवलं नव्हतं, म्हणून तो सुखात होता.

त्याच्या मुलीला, वेणूला, शेजारच्या गावचा दिगंबर कंपाउंडर मनापासून आवडला होता. दिगंबरच्या घरच्यांनी येऊन हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. ते यायच्या आत पुढची खोली निळी करा, असं म्हाळोबाच्या बायकोने, तानूबाईने बजावलं.

दुकानदाराने दोन निळे दाखवले. एक आकाशी, एक गर्द. म्हाळोबाने दोन्ही आणले. खोलीच्या भिंतीवर आकाशीचा पट्टा मारला, त्यावर गर्द, त्यावर पुन्हा आकाशी. दुपारपर्यंत भिंतीवर रंगाची भाकरी थापली गेली.

"अहो, एकावर एक काय लावता?" तानूबाई म्हणाली. "दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतात."

म्हाळोबाला पटलं. तो तडक उठला आणि वेणूने नाकारलेल्या दुसऱ्या मुलालाही त्याच दिवशीचं आमंत्रण देऊन आला. घरात बोलला नाही. शहाणी माणसं कमी बोलतात.

मग त्याने भिंतीवर दोन्ही पट्टे शेजारी शेजारी मारले आणि लगेच निवडायला बसला. तानूबाईने पुन्हा समजावलं, ओल्यावरून ठरवू नका, वाळू द्या, मग बघा.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी तिने त्याला दोन गवळणींकडच्या लोण्यातलं चांगलं निवडायला सांगितलं. त्याने दोन्ही गोळे शेजारी शेजारी उन्हात वाळत घातले. कुत्र्याची दिवाळी झाली.

रंग वाळायलाही ऊनच हवं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. खोलीत ऊन कुठलं? त्याने अंगणातल्या भिंतीवर दोन ताजे पट्टे मारले. तेवढ्यात पाहुणे आले, दोन्हीकडचे. तानूबाई चुलीपाशी होती. म्हाळोबाने दोन्ही मुलांना भर उन्हात बाकावर शेजारी शेजारी बसवलं, त्याच भिंतीला टेकून. दोघांचे सदरे पांढरे होते. दोघे घामाने निथळू लागले.

बऱ्याच वेळाने दिगंबरच्या वडिलांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"घाई नको," म्हाळोबा म्हणाला. "अजून ओले आहेत. वाळले की एक ठेवून घेऊ."

दोन्हीकडची मंडळी ताडकन उठली आणि चालू लागली. वेणू दारात रडत उभी राहिली. तानूबाईने कपाळावर हात मारला.

म्हाळोबा डोळे बारीक करून पाठमोऱ्या मुलांकडे बघत होता. एकाची पाठ आकाशी, एकाची गर्द.

"अगं," तो खूश होऊन म्हणाला, "आकाशीच घेऊ. लांबून उठून दिसतो."