बुवांची विद्या आणि केतकीचा तंबोरा

मिरजेच्या केतकीने एकटीने खपून मोबाइलवर तंबोरा वाजवणारं ॲप तयार केलं होतं. त्याच्या विक्रीवरच तिचं घर चालायचं. गायनाचा मोठा क्लास चालवणाऱ्या अनंतबुवांनी गुरुपौर्णिमेच्या भर कार्यक्रमात तिला उभं केलं.

"माझ्या सगळ्या शिष्यांना हे फुकट देऊन टाक. विद्या विकायची नसते, पोरी!"

टाळ्या पडल्या. केतकी मात्र बधली नाही. हात जोडून म्हणाली, "दिलं, बुवा! तुम्ही ज्याला ज्याला फुकट शिकवता, त्याने हात वर करावा. त्याच्या मोबाइलवर आत्ताच घालून देते."

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांच्या नजरा बुवांकडे वळल्या.

बुवा खाकरले. "तसं स्वस्तच आहे म्हणा," ते शिष्यांना म्हणाले, "विकतच घ्या."