पाचव्या घरची भाकरी

"कौतिकाबाईच्या घरचा धूर दिसतोय का रे तुला?"

राघोबुवांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा मंदारला कळलं की बुवांची नजर काही अधू झालेली नाही.

"नाही दिसत, बुवा."

"काल?"

"काल... पाहिलं नव्हतं."

"परवा भिक्षेला तिच्या दारात गेला होतास?"

 मंदारचा हात आपोआप कमरेच्या सुतळीकडे गेला.

मठ टेकाडावर होता आणि गाव पायथ्याशी. सकाळी कुणी माळ ओढी, कुणी पोथी वाची. राघोबुवा पायरीवर बसून धूर मोजत. ज्या घरातून धूर निघाला नाही, तिथे दुपारच्या आत त्यांची चक्कर व्हायची.

पण या तीन दिवसांत त्यांना खाली उतरता येत नव्हतं. मठाचा रिवाजच तसा होता. दीक्षेआधी तीन दिवस शिष्याने एकट्याने पाच घरं मागायची आणि गुरूने मठाचा उंबरठा ओलांडायचा नाही. आज तिसरा दिवस होता, आजची भिक्षा अजून मागायची होती. उद्या पहाटे मंदारला भगवं मिळायचं होतं.

मिळायचं होतं खरं...

या मंदारची गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन एकशे अठरा किलो होतं. वडील तसेच होते, भाताचे ढीग उपसणारे. साखरेने त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि वर्षभरात ते गेलेच. बापाला खांदा देताना पोराला धाप लागली. त्या दिवसापासून त्याने भात, भाकरी, साखर, गूळ सगळं बंद केलं. लोणी, तूप, पनीर, ओलं खोबरं आणि शेंगदाणे यांवर तो राहिला. कण्याकोंड्याचा एक कण त्याने तोंडात घातला नाही.

वजन एकोणऐंशीवर आलं. पण जेवढं वजन उतरलं, तेवढा अहंकार अंगावर चढला. कमरेला सुतळी बांधून तो इंचाइंचाला गाठ मारी. अशा अकरा गाठी झाल्या. शरीर जिंकलं, आता मन जिंकू, म्हणून तो आठ महिन्यांपूर्वी मठात आला, जणू यादीत पुढचं नाव मनाचंच होतं.

आल्यापासून तो बुवांनाही शिकवत असे.

"बुवा, भाकरीची शेवटी साखरच होते."

"असं का?"

"तूप खा. पीठ सोडा."

"हं."

बुवांचं एवढंच उत्तर. पुन्हा रोज पाच घरची भाकरी दोन्ही हातांनी झोळीत घ्यायचे ते घ्यायचेच. म्हाताऱ्याला कळत नाही, असं मंदारला मनातून वाटायचं. कीवही यायची.

"परवा काय झालं?" बुवांनी विचारलं.

"काही विशेष नाही. त्यांनी भाकरी आणली. मी म्हटलं, भाकरी नको, तूप असेल तर वाढा."

"शेळ्या राखते ती. तूप कुठलं असणार तिच्याकडे?"

"नाही म्हणाल्या. मग मी पुढचं घर घेतलं. कालही ते घर सोडलं."

"एवढंच बोललास?"

मंदारने मान खाली घातली.

बुवा उठले. काठी घेतली. उंबरठ्याशी येऊन क्षणभर थांबले आणि मग पाऊल बाहेर टाकलं.

मंदार दचकला. "बुवा! रिवाज मोडतो!"

"एक तू मोडलास. एक मी मोडतो. झोळी घे."

दोघं टेकाड उतरू लागले. उद्याचं भगवं आता मिळत नाही, हे मंदार धरूनच चालला होता. घर सोडलं, नोकरी सोडली, आठ महिने दगडावर झोपलो, आणि हे सगळं एका भाकरीपायी जाणार? त्याला रागही येत होता आणि भीतीही वाटत होती.

कौतिकाबाई दारातच होती. साठीची, काटक बाई. मागची चूल स्वच्छ सारवलेली होती आणि थंड होती.

"अगं बया! बुवा? उंद्या दीक्षा ना? उंबरा कसा वलांडला?"

"तुझ्या चुलीपायी. का पेटली नाही?"

तिने मंदारकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

"कशी पेटवू? ह्या घरातून मठाची भिक्षा गेल्याबिगर मी घास घेत न्हाई. माझ्या सासूनं बी कधी घेतला न्हाई."

"परवापासून उपाशी आहेस?"

"च्या पेते की."

"हा आला होता ना मागायला?"

"आल्ते." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "भाकरी परत केली. विख हाय म्हनले."

"मावशी, मी तसं नव्हतो म्हणत." मंदार घाईघाईने म्हणाला. "सगळंच पीठ... म्हणजे शरीराला... मी शास्त्राच्या अंगाने बोललो."

कौतिकाबाई बुवांशीच बोलत राहिली.

"मला वाटलं पिठात काय पडलं असंल. पाल-बिल. समदं पीठ कोंबड्यांना घातलं. डबा तीनदा घासला." ती थांबली. "कोंबड्या तर टुणटुणीत हायत."

कुणी हसलं नाही.

"मग म्हनलं, पिठात न्हाई तर माझ्या हातातच काय तरी असंल. ह्याच भाकरीवर दोन लेकी उजवल्या, बुवा. त्यांना विखच चारलं का मी?"

 बुवा काठीवर दोन्ही हात ठेवून ओट्यावर बसले. त्यांनी रागावलं असतं तर मंदारला बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. मठात येण्याआधी व्याख्यानात हजार लोकांपुढे तो हेच बोलला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मावशी, भाकरी वाढा. मी घेतो."

तिने मान हलवली.

"न्हाई वाढनार. पुन्यांदा परत केली तर? एकडाव सोसलं, म्हाराज. आन घरात चिमूटभर पीठ न्हाई."

मंदारने बुवांकडे पाहिलं. बुवा शेळ्यांकडे पाहत होते.

ओट्याच्या कोपऱ्यात जातं होतं. बरेच दिवस न वापरलेलं, वर पोतं टाकलेलं. मंदारची नजर तिथे गेली.

"ज्वारी आहे?"

"हाय."

त्याने पोतं बाजूला केलं आणि मांडी घालून बसला. खुंटा धरून ओढला तर जातं जागचं हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा घरघर करत अर्धा फेरा गेलं आणि अडलं.

"मूठमूठ घालायची," कौतिकाबाई न राहवून म्हणाली. "एकदम घातली की गच्च बसतंय."

तो दळत राहिला. कपाळाचा घाम ज्वारीत पडू नये म्हणून खांद्याला पुसत राहिला. तळहाताला फोड आला आणि फुटलाही. शेवटी तीच समोर येऊन बसली आणि तिने खुंट्यावर आपला एक हात ठेवला. मग जातं सरळ फिरू लागलं.

चूल पेटली. धूर छपरातून वर गेला. बुवांनी मान वर करून तो पाहिला.

पहिली भाकरी टम्म फुगली. कौतिकाबाईने ती झोळीत घातली नाही. ताटलीत ठेवली, शेजारी शेंगदाण्याची चटणी वाढली आणि ताटली मंदारपुढे सरकवली.

"खा. माझ्या डोळ्यांदेखत."

मंदार ताटलीकडे बघत राहिला.

तीन वर्षं... एक कण नाही. आज एक घास गेला की उद्या दुसरा जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या जिभेला तो ओळखून होता. ताटलीपलीकडे त्याला दवाखान्यातली खाट दिसली आणि चादरीखाली जिथे पाय असायला हवा होता तिथली सपाट जागा दिसली.

तरी त्याने घास मोडला.  कौतिकाबाई श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होती.

घास ओठांशी आला आणि त्याचं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं.

"थांब."

"बुवा, खातोय ना मी!"

"दिसतंय. खाऊ नको."

कौतिकाबाईचा चेहरा उतरला. ती उठायला लागली.

"बस, कौतिके." बुवांनी मनगट सोडलं नाही. "ह्याच्या बापाचा पाय साखरेनं गेला. बाप पण गेला. तीच वाट ह्याच्या रक्तात आहे. ह्याला पीठ चालत नाही. पथ्य आहे त्याला."

"पथ्य?"

ती मंदारकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला.

"मंग तसं म्हनायचं की वो, म्हाराज! माझ्या मालकाला बी डाक्टरनं शेवटी भात बंद केलता. मी काय बळंच चारनार हाय का? शेंगा भाजून दिल्या असत्या मूठभर. भाकरी घ्यायची, मठातल्या गायीला घालायची. पथ्य ताटातलं असतंय. त्यापायी दुसऱ्याच्या भाकरीला विख कशाला म्हनायचं?"

 मंदारने मोडलेला घास भाकरीला जोडून ठेवला, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी झोळी पसरली.

ती हलली नाही. 

"मावशी... परवाचं पाचवं घर राहिलंय. रिकामं पाठवू नका."

तिने मोडलेली भाकरी घातली. तव्यावरची दुसरीही घातली. तिसरी मात्र तिने स्वतःच्या हातावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून चुलीपाशी बसली. तिचा पहिला घास गिळून होईपर्यंत बुवा जागचे उठले नाहीत.

परतताना बुवा टेकाडाकडे वळले नाहीत. नदीच्या वाटेला लागले. दुपारी आपल्या खोलीत एकट्याने जेवण झालं की फडकं काखेत मारून ते रोज याच वाटेने फिरायला जात. गेले दोन दिवस तेवढं बंद होतं.

मंदार मागोमाग चालला होता. झोळी छातीशी धरली होती आणि भाकरीची ऊब कफनीतून लागत होती.

"बुवा, एक विचारू? या भाकऱ्या आज तुम्ही जेवाल ना?"

बुवा थांबले. काठी बगलेत धरली आणि कफनी पोटावरून वर केली.

बेंबीच्या दोन्ही बाजूंना इन्सुलिनच्या सुईच्या खुणा होत्या. जुन्या, काळ्या पडलेल्या. एक आजचीच, लाल.

मंदारला बुवांच्या खोलीतलं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं आठवलं. त्यात तीर्थ असेल, असं तो इतके दिवस समजत होता. लागोपाठ त्याला आपली आठ महिन्यांची प्रवचनंही आठवली, आणि प्रत्येकावर बुवांनी भरलेला हुंकार आठवला.

"किती वर्षं?"

"अठरा."

"आणि भाकरी सोडून?"

"अठरा."

"पण रोज पाच घरं... दोन्ही हातांनी..."

बुवांनी कफनी खाली सोडली आणि काठीने पुढे दाखवलं.

नदीकाठी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. धडधाकट माणसं फडात गेलेली. कोपीच्या तोंडाशी तीन म्हातारी माणसं वाटेकडे तोंड करून बसली होती. त्यांतल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हाताची सावली धरली. वाटेवर माणूस दिसताच ती शेजारच्याला हलवू लागली.

दोन दिवस... मंदारने दोन दिवस नऊ दारांत भाकरी नको म्हटलं होतं आणि एका दारात तिला विष म्हटलं होतं.

त्याने कमरेची सुतळी चाचपली. मग हात काढून घेतला.

"बुवा, उद्याची दीक्षा...?"

बुवांनी झोळीवर हात ठेवून पाहिला.

"ती झोळीतच आहे की तुझ्या. गार व्हायच्या आत पोचव."