नारबामामा पॅरिसचं चर्च बघतात

बोरपाडळीत नारबामामा म्हणून एक भोळे गृहस्थ राहत. त्यांची पिठाची गिरणी होती. कुणी म्हणालं, "मामा, दळणावर नजर ठेवा," की पीठ होईपर्यंत मामा पापणी लववत नसत. सांगितलेलं सगळं ते ऐकत. तेवढंच ऐकत.

त्यांची भाची वैजयंता. तिला आईवडील नव्हते. मामा-मामींनीच तिला वाढवलं, शिकवलं. ती नोकरीला पॅरिसला गेली. तिथे तिला एतिएन नावाचा मुलगा आवडला. मुलगा चांगला होता. पण त्याची आई, मादाम ओदेत, विधवा बाई, फार कडक. त्या म्हणाल्या, "मुलीला ज्यांनी वाढवलं ते आधी बघते. मग लग्नाचं बोलू."

मामीचा गुडघा धरला होता. म्हणून मामा एकटेच विमानात बसले.

पॅरिसमध्ये एक टेकडी आहे. टेकडीवर पांढरंशुभ्र मोठं चर्च आहे. जगभरातून लोक ते बघायला येतात. मादाम रविवारी तिथे प्रार्थनेला येणार होत्या. तिथेच भेटायचं ठरलं. वैजू मामांना जरा आधीच घेऊन गेली. चर्च बघून होईल, असा तिचा विचार.

पायथ्याशी ती म्हणाली, "मामा, नीट ऐका. इथे काही लोक हात धरतात, मनगटात दोरा बांधतात आणि मग पिच्छा सोडत नाहीत. कुणी हात पुढे केला, की आपले हात खिशात घालायचे. 'नों' म्हणायचं. नों म्हणजे नाही."

"हात खिशात. नों," मामा म्हणाले. "समजलं."

पायऱ्या खूप होत्या. साठाव्या पायरीवर मामांचा पाय घसरला. शेजारून चाललेल्या एका भल्या माणसाने पटकन हात पुढे केला. मामांनी दोन्ही हात खिशात घातले.

"नों," ते म्हणाले आणि अकरा पायऱ्या बसल्या बसल्या खाली गेले.

वैजू धावत आली. "मामा! घसरताना कुणी हात दिला तर धरायचा ना! घट्ट धरायचा. सोडायचाच नाही. आणि 'मेर्सी' म्हणायचं. म्हणजे आभारी आहे."

"हे आधी सांगायला हवं होतंस," मामा म्हणाले.

पुन्हा चढायला लागले. वैजूचा फोन वाजला म्हणून ती थांबली. तेवढ्यात एक दोरेवाला आला आणि त्याने मामांचा हात धरला. मामांनी त्याचा घट्ट धरला. मामांचा हात चाळीस वर्षं धान्याची पोती उचललेला.

"मेर्सी," मामा म्हणाले.

दोरेवाल्याने दोरा बांधला. मग पैसे मागितले. मामा म्हणाले, "मेर्सी." मग त्याने हात मागितला. म्हणजे स्वतःचाच. मामा म्हणाले, "मेर्सी."

इतक्यात वर पोलिसाची शिट्टी वाजली. दोरेवाला पळाला. मामाही पळाले, कारण हात सोडायचा नव्हता. चर्चभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. वैजूला ते सापडले, तेव्हा दोरेवाला कठड्याला टेकून धापा टाकत होता आणि मामा दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत होते.

"मामा, सोडा त्याला!"

मामांनी सोडलं. त्या माणसाने सगळे दोरे मामांच्या हातात कोंबले आणि तो उतरणीला लागला.

"चांगला माणूस," मामा म्हणाले. "प्रदक्षिणा घडवली."

चर्चसमोरच्या पायऱ्यांवर काही मुलंमुली वाढदिवस करत बसली होती. केकवर मेणबत्त्या लावल्या होत्या. मामा कौतुकाने बघत होते, म्हणून एका मुलीने केक त्यांच्यापुढे धरला. मामांनी दोन्ही तळवे ज्योतींवर फिरवले, डोळ्यांना लावले आणि केकवर एक नाणं ठेवलं.

वैजू ओशाळली. त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, इकडे मेणबत्त्यांची आरती घेत नाहीत. मनात एक इच्छा धरायची आणि फुंकर मारून सगळ्या विझवायच्या. एकही राहता कामा नये. राहिली तर इच्छा पुरी होत नाही म्हणतात. मग टाळ्या वाजवायच्या."

"अस्सं," मामा म्हणाले.

मग दोघं चर्चमध्ये गेली. आत गार होतं, शांत होतं. वैजू मान वर करून घुमट बघायला लागली. मामांना कोपऱ्यात मेणबत्त्या दिसल्या. शंभर तरी असतील. रांगेने लावलेल्या, लहानमोठ्या, सगळ्या पेटलेल्या.

मामांनी डोळे मिटले. माझ्या वैजूचं लग्न ठरू दे, असं मनात म्हणाले. छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली.

डावी बाजू पहिल्या दमातच झाली. उजवीला तीन दम लागले. एक म्हातारी बाई नवी मेणबत्ती लावत होती. मामांनी तीही विझवली. तिने परत लावली. मामांनी परत विझवली. एकही राहता कामा नये. वैजूच्या आयुष्याचा प्रश्न होता. शेवटची विझली, तेव्हा मामांना घाम फुटला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

एक नन धावत आली. वैजूने तिची पन्नास वेळा माफी मागितली. मग वैजू, नन, ती म्हातारी आणि मामा, चौघांनी मिळून सगळ्या मेणबत्त्या परत लावल्या.

बाहेर आल्यावर वैजूच्या डोळ्यांत पाणी होतं. "मामा, आता त्या येतील. माझं लग्न तुमच्या हातात आहे. आता स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. एतिएन जे करेल तेच करायचं. अगदी तसंच."

तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मामांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "पोरी, आता चूक झाली तर नाव सांगणार नाही."

एतिएन आईला घेऊन आला. मादाम उंच, सडपातळ, काळा कोट घातलेल्या. चेहऱ्यावर हसू नाही.

एतिएनने वैजूला बघून टोपी काढली. मामांनी टोपी काढली. एतिएनने आईचा कोट सारखा केला. दुसऱ्या बाजूने मामांनी सारखा केला. एतिएनने आईच्या दोन्ही गालांना गाल लावले. मामा जरा लाजले. पण सांगितलं होतं. त्यांनीही लावले.

मादामनी गालाला हात लावून बघितला. मग एतिएनला काहीतरी म्हणाल्या. त्याने वैजूला सांगितलं, "आई म्हणते, ज्या घरात माणसं इतक्या मायेने वागतात, तिथली मुलगी मला चालेल."

वैजूने आनंदाने तोंडावर हात धरला. एतिएनला तर काय करू नि काय नको झालं. तो तिथेच, चर्चसमोर, सगळ्या लोकांदेखत, वैजूपुढे एका गुडघ्यावर बसला.

मामा समोर बघत उभे होते. समोर मादाम होत्या. मामा एका गुडघ्यावर बसले.

एतिएनने खिशातून छोटी डबी काढली. मामांनी खिसा चाचपला. चुन्याची डबी होती. ती काढली.

एतिएनने डबी उघडून वर धरली. मामांनी उघडून वर धरली.

एतिएन फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलला. मामांनी कान देऊन ऐकलं आणि जमेल तसं, शब्दाला शब्द लावून, बोलून टाकलं.

"वी," वैजू म्हणाली. म्हणजे हो.

मादामनी चुन्याकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं. नवरा गेल्यापासूनच्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गालांवर लाली आली.

"वी," त्या म्हणाल्या.

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वैजूने कपाळाला हात लावला. "मामा! अहो, आता मामीला काय सांगायचं?"

"थांब," मामा गुडघ्यावरूनच म्हणाले. "आधी एतिएन त्याच्या बायकोला काय सांगतो ते बघू."