अकरा दौरे

कचेरीतल्या पाच जणांनी तीनशे-तीनशे रुपये काढले आणि खानावळीच्या माडीवर जेवायला बसले. माडीचा हट्ट भोसेकर साहेबांचा, कारण तिथं वारा लागतो. स्वयंपाकघर मात्र खाली. वाढपी भैरूअण्णा साठीला टेकलेले, गुडघा धरून जिना चढायचे. साहेबांनी त्यांना कधी लिंबासाठी पिटाळलं, कधी कोमट पाण्यासाठी, कधी भाकरी गार आहे म्हणून.

बिल झालं तेराशे ऐंशी. उरलेले एकशेवीस कचेरीतल्या कारकून शालनताईंनी बडीशेपेच्या ताटलीत ठेवले. साहेबांनी ते लगेच उचलले.

"प्रत्येकी चोवीस परत घ्या. टीप कशाला? अण्णाला पगार मिळतो की!"

बाकीचे बडीशेप चघळू लागले. वर्षाचे गोपनीय अहवाल साहेबच लिहायचे, त्यात शालनताईंचाही असायचा. पण साहेबांची दौऱ्याची बिलं गेली नऊ वर्षं शालनताई लिहीत होत्या.

"साहेब, पगार तर आपल्यालाही मिळतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तरी तुम्ही जीपमधून धरणावर जाऊन आलात, की भत्त्याचं बिल माझ्या टेबलावर येतं. अण्णा आज तुमच्यासाठी अकरा वेळा खाली जाऊन आले, तेही पायी. मी मोजलंय. त्यांच्या भत्त्याचं बिल कुणाच्या सहीला पाठवू?"

साहेबांनी नोटा ताटलीत परत ठेवल्या. मग टूथपिक मागायला सवयीनं हात वर केला, क्षणभर जिन्याकडे पाहिलं आणि स्वतःच उठले.