रणमलची गादी

ही गोष्ट सांगण्यासारखी नाही. सांगून कुणाचं पोट भरत नाही, आणि ऐकून कुणी शहाणं झाल्याचं ऐकिवात नाही. पण मागं लागणाऱ्यांनी पिच्छाच पुरवला, जेवणावरून उठवलं, म्हणून एकदाची सांगून टाकायची. मधे कुणी 'मग पुढं?' करू नये. पुढचं पुढं येतंच.

एक मुलूख होता. त्यात दोन टेकड्या आणि मधे एक ओढा. दोन्ही टेकड्यांवर मेंढरं राहत. उन्हाळ्यात ओढा आटला की त्याच्या वाळूत दोन्हीकडचे एडके टकरा खेळत आणि मेंढरं आपापल्या काठावर उभी राहून बघत. या मेंढरांपैकी कुणी जन्मात टक्कर घेतलेली नव्हती. तरी एडका जिंकला की संध्याकाळी टेकडी चढताना जो तो म्हणे, आज आपण हाणलं. हरला की म्हणे, आज त्याने माती खाल्ली.

थंडीत टकरा नसत. आणि टेकडी खरी गाजायची ती थंडीतच.

त्याचं कारण गादी. कुठला एडका कुठल्या टेकडीकडून खेळणार, ते गादीवर ठरे. एडक्याला दिलेला जुना बोल संपला की त्याची शिंगं मोकळी झाली असं म्हणत, आणि तो ओढ्यातल्या मधल्या खडकावर जाऊन बसे. मग दोन्ही टेकड्या आपापल्या माथ्यावर त्याच्यासाठी लोकरीची गादी घालत. जिच्यावर बसल्यावर खालचा दगड टोचत नाही, ती त्याची टेकडी. लोकर जबरदस्तीने घ्यायची नाही, हा नियम. ज्याला द्यायची त्याने बाभळीच्या काट्यांना अंग घासायचं, निघेल ती लोकर तोंडात धरायची आणि माथ्यावर नेऊन टाकायची. किती हिवाळे गादी घालायची तेही आधीच बोलायचं आणि कोतवाल पक्ष्याला साक्षीला ठेवायचं. एकदा बोल दिला की दर हिवाळ्याला गादी नव्याने भरायची. मग एडका खेळो, लंगडो, नाहीतर नुसता झोपो. अलीकडच्या माथ्यावर भैरू नावाचा एक जुना एडका असाच झोपून होता. त्याच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, टक्कर म्हणजे काय ते तो विसरला होता, पण त्याचे हिवाळे अजून सरले नव्हते. बोल म्हणजे बोल.

लोकर उतरवायची वेळ नेमकी हिवाळ्याच्या तोंडाशी येई. ही रीत कुणी लावली ते कुणाला ठाऊक नव्हतं. एखाद्या नव्या कोकराने विचारलंच तर उत्तर मिळे, एडके मोकळे होतात तेव्हाच होतात, त्यांना काय उन्हाळ्यापर्यंत खडकावर बसवून ठेवायचं?

अलीकडच्या टेकडीवर भोऱ्या नावाचं एक म्हातारं मेंढरू होतं. अंगाने राखाडी, स्वभावाने काटेरी, आणि जन्मापासून भुंडं. भोऱ्याला शिंग म्हणून फुटलंच नव्हतं. त्याचा जोडीदार लाख्या. लाख्याला बोटभर वाकडी शिंगं होती आणि ती त्याने खाज सुटल्याखेरीज कधी वापरली नव्हती. दोघं कोकरं होती तेव्हापासून शेजारी शेजारी चरत आलेली. संध्याकाळी उतारावरच्या सपाट दगडापाशी कळप दाटीवाटीने बसे आणि भोऱ्या-लाख्याचा वाद सुरू होई. भैरूची उमेदीतली टक्कर मोठी की त्याच्या आधीच्या एडक्याची? मान जाड असलेला बरा की मागचे पाय दणकट असलेला? एक म्हणे पूर्व तर दुसरा पश्चिम. वाद कधी मिटत नसे, आणि मिटावा असं कुणाला वाटतही नसे. वाद रंगला की अंगाला अंग लागून ऊब येई, आणि बाहेर किती गारठा आहे ते कुणाच्या ध्यानात राहत नसे. भोऱ्याला जगात दुसरं काही आवडायचं नाही. हे एवढंच आवडायचं.

त्या वर्षी रणमलची शिंगं मोकळी झाली.

रणमल म्हणजे मुलखातला सगळ्यात नावाजलेला एडका. पलीकडच्या टेकडीकडून खेळून त्याने अलीकडच्यांना कैक उन्हाळे रडवलं होतं. आता तो खडकावर येऊन बसला, आणि कोतवालाने इकडे येऊन भोऱ्याच्याच पाठीवर बसून बातमी सांगितली, की पलीकडची गादी गुडघाभर झाली आहे. मग तो पलीकडे गेला. तिथे त्याने काय सांगितलं ते इकडे कुणाला कळलं नाही. पण परत आला तेव्हा पलीकडची गादी आणखी वाढली होती. कोतवालाचं घरटं त्या सालात फार मऊ झालं होतं, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्याच वेळी पिंग्याचीही शिंगं मोकळी झाली होती. पिंग्या याच टेकडीवर जन्मलेला तरणा एडका. सगळ्यांनी त्याला धडपडत उभं राहताना पाहिलेलं. त्याचं मागणं फार नव्हतं, पातळशी गादी त्याला चालली असती. पण पिकतं तिथं विकत नाही. घरचाच आहे, जाईल कुठं, असं म्हणून सगळी रणमलच्या मागं लागली. पिंग्या खडकावर बसून इकडे बघत राहिला. इकडून कुणी आलं नाही तेव्हा तो उठला आणि पलीकडच्या उतारावर चढून गेला. दगडापाशी त्याच्यावर थोडी चर्चा झाली. त्याची मान बारीकच होती, असं ठरलं.

रणमलचा डावा पुढचा पाय वाकत नव्हता. हे काही गुपित नव्हतं. तो ओढ्यावर पाणी प्यायला उतरे तेव्हा आख्ख्या टेकडीला दिसे. पाय बाजूला फाकवून, मान वाकडी करून तो पाणी पिई. सगळ्यांनी ते पाहिलं आणि ज्याने त्याने आपापल्या परीने ते समजून घेतलं. एकाचं म्हणणं, तो पाय राखून ठेवतोय. दुसऱ्याचं म्हणणं, मोठे एडके असेच पितात. तिसरा म्हणाला, टक्कर डोक्याने घेतात, पायाने नाही. आणि बोल किती हिवाळ्यांचा? तर एवढ्या हिवाळ्यांचा, की तेव्हा जन्मलेलं कोकरू त्या बोलात म्हातारं झालं असतं.

त्या संध्याकाळी दगडापाशी भोऱ्या म्हणाला, "मी लोकर देणार नाही."

आधी कुणी लक्षच दिलं नाही. भोऱ्या कशाला ना कशाला नाही म्हणायचाच. पण त्याने बोलणं सोडलं नाही. मागच्या हिवाळ्यात भैरूच्या गादीला लोकर दिल्यावर त्याला असं हिव भरलं होतं, की गवत तोंडात असून चावता येत नव्हतं. आता अंग थकलं, एकदा उतरवलेली लोकर पुन्हा लवकर येत नाही. या खेपेला उतरवली तर उन्हाळा दिसायचा नाही. आणि ती द्यायची कुणाला? ज्याला पाणी नीट पिता येत नाही त्याला?

हरणी नावाची एक म्हातारी मेंढी शेजारी बसली होती. तिने हळूच सांगून पाहिलं, "भाऊजी, थोडी तरी द्या. अगदीच नाही म्हटलं तर बरं दिसत नाही."

लाख्या उठून उभा राहिला. त्याची लोकर आदल्याच दिवशी उतरली होती आणि तो कुडकुडत होता. थंडीने बोलला की कशाने, ते त्याचं त्याला ठाऊक.

"तुला लेका पलीकडेच जायचंय. जा ना, पिंग्याच्या मागं शेपूट हलवत," तो म्हणाला. आणि मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "मी तरी आजवर कुणाशी वाद घालत बसलो. भुंड्याला शिंगांतलं काय कळतं?"

कळप हसला. हरणीही हसली, मग तिने मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या वादात लाख्याने भोऱ्याच्या डोक्याकडे कधी बोट दाखवलं नव्हतं. भोऱ्या उठला आणि उताराच्या पाठीमागे एका उभ्या शिळेच्या आडोशाला जाऊन बसला. त्याची जागा लगेच भरून निघाली. दाटीत तसंच होतं.

गादी झाली. पलीकडच्यांपेक्षा वीतभर उंच झाली. रणमल लंगडत वर आला, गादीवर बसला आणि डोळे मिटले. मेंढरं रात्रभर नाचली. नाचावंच लागलं, उभं राहिलं तर पाय आखडत होते.

मग हिवाळा खरा सुरू झाला. पहाटे गवतावर दहिवर गोठून ते काचेसारखं मोडू लागलं. भोऱ्या शिळेआड आपल्या लोकरीत बसून राही. त्याला थंडी वाजत नव्हती. त्याला दुसरंही काही वाजत नव्हतं. चरायला उतरला की कळप आपोआप दोन पावलं सरके. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही. नुसतं सरके.

एका सकाळी हरणी उठली नाही. बसल्या जागी ताठली होती. तिच्या अंगावर लोकर म्हणून उरली नव्हती, काट्यांच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. तिला बघायला भोऱ्या गेला आणि मागे उभा राहिला. कळपात बोलणं चाललं होतं. हरणीने दिलेली लोकर रणमलच्या अंगाखाली आहे की नुसती कडेला आहे, यावर दोन मतं पडली. लाख्याचं मत, अंगाखाली. तिच्यासाठी ते चांगलं झालं, असं सगळ्यांना वाटलं. भोऱ्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही, तेव्हा तो चरायला गेला.

संध्याकाळी वाऱ्यावर दगडापाशी चाललेला वाद ऐकू येई. अर्धा येई, अर्धा वारा नेई. एका संध्याकाळी लाख्या सांगत होता, की भैरूने उमेदीत एकदा पलीकडच्या दोन एडक्यांना एकाच दुपारी लोळवलं. ते साफ खोटं होतं. दुसरा एडका वाळूत घसरून पडला होता, भैरूने त्याला शिवलंही नव्हतं. हे भोऱ्याला पक्कं माहीत होतं, लाख्यालाही माहीत होतं. भोऱ्या कान टवकारून बसला, आता कुणी तरी लाख्याला खोडून काढेल म्हणून. कुणी काढलं नाही. कोवळी पोरं 'खरं का, खरं का' करत राहिली.

"घसरला होता तो," भोऱ्या शिळेला म्हणाला.

शिळेने काही उत्तर दिलं नाही.

तो पुन्हा म्हणाला. अंग उबदार होतं, जवळ गवत होतं, उन्हाळा दिसायची खात्री होती. आणि उन्हाळा दिसला तरी टक्कर बघताना शेजारी कोण उभं राहणार, हे काही त्याला दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाभळीकडे गेला. रणमलसाठी गेला नाही. रणमलचा पाय आदल्या दिवशीपेक्षा जास्त आखडला होता, हे त्याने येता येता पाहिलं होतं. त्याने काट्यांना एक कूस लावली आणि घासली, मग दुसरी लावली. म्हाताऱ्या लोकरीला मूळ घट्ट असतं, कातडीही निघते. आधी झोंबलं. मग कातडी बधिर झाली आणि सोपं गेलं. लोकरीचा पुंजका तोंडात धरून तो माथ्यावर चढला आणि कडेला जिथे दगड उघडा पडला होता तिथे टाकला. रणमलने डोळे उघडले नाहीत. भैरूने उघडले, पण त्याला दिसत नव्हतं.

संध्याकाळी तो दगडापाशी आला. कुणी काही विचारलं नाही. त्याच्या अंगाकडे बघितल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाख्या त्याच्याकडे न बघता थोडा सरकला आणि जागा झाली. भोऱ्या तिच्यात बसला. दोन्ही बाजूंनी उघडी, काट्यांनी ओरबाडलेली अंगं त्याला चिकटली. ऊब फार नव्हती.

"भैरूचं म्हणशील," भोऱ्या म्हणाला, "तर तो दुसरा घसरला होता."

"घसरला कसला. कुणाच्या धाकाने घसरला?" लाख्या म्हणाला.

आणि वाद सुरू झाला. रात्रभर चालला. पहाटे कोतवाल येऊन सांगून गेला, की पुढच्या साली आणखी एका मोठ्या एडक्याची शिंगं मोकळी होणार आहेत. तेव्हा वादाला नवं तोंड फुटलं. त्याची मान कशी, पाय कसे, किती हिवाळ्यांचा बोल द्यावा. भोऱ्याने सांगितलं की गादी या वर्षीपेक्षा उंच लागेल. त्याच्या जबड्यातून शब्द नीट निघत नव्हते, पण सगळ्यांना पटलं.

उजाडलं तसं धुकं खाली बसलं आणि पलीकडची टेकडी समोर आली. तिच्या माथ्यावरही एक गादी होती, आणि गादीवर पिंग्या झोपला होता. खाली उतारावर पलीकडची मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. तीही उघडीच होती. त्यांच्याही मधे एक-दोन आडवी, ताठलेली दिसत होती. ती मेंढरं इकडच्या मेंढरांकडे बघत नव्हती. इकडच्या गादीकडे बघत होती. आणि इकडची सगळी, भोऱ्यासकट, मान उंच करून त्यांच्या गादीकडे बघत होती, की आपली अजून वीतभर उंच आहे ना.

होती. तेव्हा एक समाधानाची बें झाली, आणि लाख्याने भोऱ्याला खांद्याने हलकेच ढुशी दिली.

माफी मात्र मागितली नाही. अजून मागितलेली नाही, लाख्याने.