धुक्यातून आलेले उत्तर

समुद्रकाठच्या करंजखाडी गावात पाद्री बाल्तजार राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. कोळिणींच्या डोक्यावर मासळीची पाटी चढवायलाही ते हात लावत. लोक त्यांना जिवंतपणीच संत मानत आणि प्रेमाने बाबा म्हणत.

त्याच गावात इनास जाळी विणी. माणूस भाविक, पण जीभ जन्मापासून अडखळणारी. सणाच्या दिवशी गावच्या ख्रिस्ती देवळात मिसा, म्हणजे मोठी उपासना, होई आणि तीत संतांची आळवणी. एकाने संताचे नाव घ्यायचे आणि साऱ्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ असे उत्तर द्यायचे. ती नावे एकदा तरी आपल्या तोंडून निघावीत, एवढीच इनासची इच्छा. गायन शिकवणाऱ्या काश्तानमास्तरांना त्याने ती कशीबशी सांगितली, तर ते भर मंडपात हसले.

“अरे, तू पहिले नाव घेशील तोवर पुढच्या वर्षीचा सण येईल!”

इनास मान खाली घालून निघाला. वाटेत बाबा भेटले.

“घरी म्हणतोस ना आळवणी?”

“म्ह-म्हणतो, बाबा. रो-रोज.”

“म्हणत जा. ऐकणारा ऐकतो आहे.”

संत सेबास्तियन यांच्या सणाची सकाळ दाट धुक्यात उजाडली. पुढचे माणूस दिसेना! सणासाठी परतणाऱ्या पाच होड्या अजून समुद्रात होत्या, आणि खाडीच्या तोंडाशी खडक. एका होडीवर काश्तानमास्तरांचा एकुलता एक मुलगा पावलू होता. देवळाची घंटा बडवली, पण तिचा नाद चहूकडून घुमे, दिशा कळेना. लेकाला हाका मारून मारून मास्तरांचा आवाज बसला. तेवढ्यात दूर कुठेतरी लाकूड खडकावर करकरले आणि बायकांनी हंबरडा फोडला.

बाबांनी इनासला हाताला धरून काठावरच्या उंच दगडावर उभे केले.

“म्हण.”

“बा-बाबा, म-मला...”

“म्हण, लेकरा.” आणि बाबा तिथेच चिखलात गुडघे टेकून बसले.

इनासने डोळे मिटले.

“हे पवित्र मरिये!”

स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. ना अडखळ, ना थरथर! ताणलेल्या दोरासारखा तो शब्द पाण्यावरून सरळ गेला. मग धुक्याच्या पोटातून अगदी क्षीण उत्तर आले, “आमच्यासाठी विनंती कर!”

“संत योसेफा!”

उत्तर जरा जवळून आले. नावामागून नाव तो घेत गेला. वल्ह्यांची चपचप ऐकू येऊ लागली. पाचवी होडी वाळूला लागली, तेव्हाच तो थांबला. तिच्यातून पावलू उतरला; कपाळ फुटलेले, पण जिवंत.

“कोणीतरी कानाशी बसून बोलावत होते,” तो म्हणाला. “आम्ही नुसते उत्तर देत आलो.”

काश्तानमास्तर बाबांच्या पायांशी धावले. बाबा मागे सरले.

“माझ्या पाया पडू नका, मास्तर. मीही ऐकणाऱ्यांतलाच.”

तेव्हा मास्तरांनी ओल्या वाळूत इनासपुढे डोके टेकले. क्षमा मागायलाही घशातून शब्द फुटेना. इनास ओशाळून त्यांना उठवायला वाकला. त्याची जीभ पुन्हा पहिल्यासारखीच झाली होती.

“उ-उठा, मा-मास्तर... मि-मिसाची वे-वेळ झाली.”

त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत सारा किनारा थांबून राहिला.