फिनबारचं बोट आणि मावशीची गाय

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या बॅलिकुरीन गावातला गुरांचा बाजार. बाहेर पाऊस. आत पत्र्याखाली दोनशे शेतकरी, ओल्या कोटांचा वास. एकशे चार नंबरची तांबडी गाय लिलावाच्या रिंगणात आली आणि सहा मिनिटांत विकली गेली. त्या सहा मिनिटांवरून गाव अजून हसतं आहे. हसायला हरकत नाही. पण हसणाऱ्यांपैकी एकानेही हकिगत शेवटपर्यंत सांगितलेली नाही, म्हणून ती इथे पहिल्यापासून सांगतो.

तर या बॅलिकुरीन गावात फिनबार नावाचा एक भोळा माणूस राहत होता. वय चाळीस. हात फावड्याएवढे. घरात तो, त्याची डेलियामावशी आणि मर्टल नावाची गाय. फिनबार कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही. फक्त जे सांगितलं तेच करायचा. एकदा मावशी म्हणाली, "मी येईपर्यंत हे पातेलं ढवळत राहा." मावशी बहिणीकडे अडकली, दोन दिवसांनी आली. फिनबार ढवळत होता. पातेल्याला बूड राहिलं नव्हतं.

त्या वर्षी मावशीचे दोन्ही गुडघे गेले. मर्टल मावशीशिवाय कुणाला धार काढू देत नसे. फिनबार बादली घेऊन आला की ती बादलीला लाथ मारायची, मग फिनबारला. शेवटी मावशीने मन घट्ट केलं.

"मर्टलला विकायला हवं," ती म्हणाली. "पण माझी गाय चांगल्या घरी गेली पाहिजे. त्या टॅन्सीच्या हातात पडता कामा नये."

गस टॅन्सी हा गुरांचा दलाल. त्याच्या काठीचा आवाज पलीकडच्या गावात ऐकू यायचा.

"चांगल्या घरी," फिनबार म्हणाला आणि त्याने ते डोक्यात ठेवलं. त्याच्या डोक्यात एकदा ठेवलं की ते निघत नसे.

शेजारी मॉसी हॅनिगन राहायचा. साठीचा, बिनलग्नाचा, जनावरांशी माणसांपेक्षा गोड बोलणारा. मावशीने फिनबारला त्याच्याकडे पाठवलं. फिनबार गेला. मॉसी उकडलेलं अंडं फोडत होता.

"मॉसीकाका, आमची गाय घेता का?"

मॉसीचा चमचा हवेत राहिला. त्या मुलुखात असं कुणी बोलत नाही. शेजारी असं बोलला तर एक तर तो प्यालाय किंवा घरात कुणी गेलंय असं समजतात.

"नाही," मॉसी म्हणाला आणि अंडं खाऊ लागला.

डेलियामावशीने कपाळाला हात लावला. "अरे फिनबार, असं तोंडावर विचारतात का? आधी हवेबद्दल बोलायचं. मग तब्येत विचारायची. मग गुरांची चौकशी. चहा विचारला तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. आणि निघताना, फाटकाच्या कडीवर हात ठेवून, सहज आठवल्यासारखं कामाचं बोलायचं."

"बरं मावशी," फिनबार म्हणाला आणि त्याने ते डोक्यात ठेवलं.

तीन दिवसांनी मर्टल पाय घसरून चरात पडली. चर चिखलाने भरलेला. गाय पोटापर्यंत आत. मावशी खिडकीतून ओरडली, "फिनबार, पळ! मॉसीला ट्रॅक्टर घेऊन बोलाव!"

फिनबार पळाला. पळत पळत मॉसीच्या दाराशी पोचला, थांबला आणि टोपी काढली. पाऊस धो धो कोसळत होता. अशा हवेला तिकडे मऊ हवा म्हणतात.

"मऊ हवा आहे आज, मॉसीकाका."

"मऊच," मॉसी म्हणाला. "पण कालच्यापेक्षा बरी."

"कालच्यापेक्षा बरी."

"उद्या बिघडणार."

"बिघडणारच. तुमची पाठ कशी आहे?"

मॉसीला फार बरं वाटलं. पाठीबद्दल त्याला बरंच सांगायचं होतं. ते त्याने सांगितलं. मग डाव्या खांद्याबद्दल सांगितलं. मग फिनबारने गुरांबद्दल विचारलं, आणि मॉसीने एकेका गुराचं नाव घेऊन सांगितलं.

"चहा घेणार का फिनबार?"

"नको, उगीच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, किटली चुलीवरच आहे."

"नको, आत्ताच झालाय."

"अरे अर्धा कप तरी."

"तुम्ही एवढं म्हणताय तर अर्धा."

अर्धा कप झाला. पुन्हा भरला. ब्रेडलोणी झालं. मग फिनबार उठला, पावसात अंगण ओलांडून फाटकापाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि वळला.

"अरे हो, मॉसीकाका. आमची गाय चरात बुडतेय."

मॉसीने दाराच्या चौकटीला धरलं. "केव्हापासून?"

"तुम्ही पाठीबद्दल सांगायच्या आधीपासून."

मर्टल वाचली. ट्रॅक्टर होता, दोर होता, आणि मॉसीला शिव्या चांगल्या येत होत्या. पण गाय बाहेर आल्यावर, चिखलाने माखलेली असूनही, मॉसीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "जनावर मात्र झकास आहे डेलिया. पुढच्या शनिवारी माझं लग्न आहे. उनाला घरचं दूध हवंय. लग्न झालं की मर्टलला मी नेतो."

मावशी रडायचीच बाकी होती. चांगलं घर मिळालं होतं. मॉसी गेल्यावर तिने फिनबारला समोर उभं केलं.

"अरे, असं महत्त्वाचं असलं तर हवा नाही, चहा नाही! दारातूनच ओरडायचं. अख्ख्या घराला ऐकू जाईल असं."

"बरं मावशी."

बुधवारी थेडी कॉयन वारला. गावातला सगळ्यात म्हातारा शेतकरी. तिथल्या रीतीप्रमाणे त्याला घरातच ठेवलं होतं, आणि सगळं गाव शेवटचं बघायला जमलं होतं. मावशीला चालवत नव्हतं. ती म्हणाली, "तू जाऊन ये. महत्त्वाचं आहे."

कॉयनच्या घरात चाळीस माणसं हळू आवाजात बोलत होती. फिनबारने दार उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला.

"थेडी मेला!"

कप खाली पडले. कोपऱ्यातला कुत्रा टेबलाखाली गेला. थेडीची बायको हळूच मान वळवून म्हणाली, "माहीत आहे रे फिनबार. मी इथेच होते."

"थेडी मेला!" फिनबार पुन्हा ओरडला, कारण मागच्या खोलीतही माणसं दिसत होती.

डेलियामावशीने कपाळाला हात लावला. "अरे, जिथे गाव जमतं, चांगले कपडे घालून लोक उभे असतात, तिथे ओरडायचं नाही. आपण हळू आवाजात बोलायचं. समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा. म्हणायचं, तुमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं. मग, चांगला माणूस होता हो. मग कोपऱ्यात बसून सँडविच खायचं."

"बरं मावशी."

शनिवारी लग्न होतं. चर्चच्या पायऱ्यांवर गाव जमलं होतं. सगळ्यांच्या अंगावर चांगले कपडे होते. मॉसी नव्या सुटात, शेजारी उना पांढऱ्या टोपीत. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली उना त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसत होती. फिनबार पुढे झाला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं," तो हळू आवाजात म्हणाला.

उनाचं हसू थांबलं.

"चांगला माणूस होता हो," फिनबार मॉसीकडे बघत म्हणाला. "शेवटी फार त्रास नाही ना झाला?"

मागे कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं. मग सगळ्या पायऱ्याच खोकू लागल्या. फिनबार कोपऱ्यात गेला आणि सँडविच शोधू लागला.

संध्याकाळी उनाचा निरोप आला. या माणसाच्या घरची गाय माझ्या गोठ्यात येणार नाही. मॉसीने तिचंच ऐकलं. लग्नाचा पहिलाच दिवस होता.

चांगलं घर गेलं. आता बाजार. आणि बाजारात दर मंगळवारी टॅन्सी काठी घेऊन पहिल्या रांगेत उभा असायचा.

डेलियामावशी या वेळी कपाळाला हात लावायलाही थकली होती. "फिनबार," ती म्हणाली, "मला चालवत नाही, मर्टलला तुलाच न्यायला हवं. पण हात जोडते, तिथे कुणाशी बोलू नकोस. हवा नाही, तब्येत नाही, ओरडणं नाही, काही नाही."

"मग लोकांना वाईट वाटेल."

"नाही वाटणार. रस्त्याने ट्रॅक्टरवरून जाणारे शेतकरी बघितलेस ना? बोलतात का? समोरून कुणी आला की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. झाला नमस्कार. तू तेवढंच कर. जो तुझ्याकडे बघेल त्याला एक बोट. कुणाला चुकवू नकोस, नाहीतर लोक म्हणतील डेलियाच्या घरी रीत नाही."

"कुणालाच चुकवणार नाही, मावशी."

मावशीने मर्टलच्या कपाळावर हात ठेवला. "आणि चांगलं घर. विसरू नकोस."

"चांगलं घर," फिनबार म्हणाला.

आता पुन्हा मंगळवार, सव्वाअकरा. मर्टल रिंगणात फिरते आहे. उंच लाकडी खोक्यात लिलाव पुकारणारा डिनी क्रीगन उभा आहे. हा माणूस एका श्वासात इतके आकडे म्हणतो की ऐकणाऱ्याला धाप लागते. गाय विकणाऱ्याने त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं असतं. फिनबार गेला नाही. तिथे गेलं तर बोलावं लागलं असतं. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

क्रीगनने पहिला आकडा पुकारला. टॅन्सीने मान हलवली, म्हणजे बोली लावली. क्रीगनने गर्दीवरून नजर फिरवली. नजर फिनबारवर आली. फिनबारने एक बोट उचललं.

आकडा वाढला.

टॅन्सीने पुन्हा मान हलवली. क्रीगनने फिनबारकडे बघितलं. बोट.

शेजारी उभा असलेला म्हातारा मेंढीवाला कुजबुजला, "अरे बाबा, बोट खाली कर."

"त्याने माझ्याकडे बघितलं," फिनबार म्हणणार होता. पण बोलायचं नव्हतं. म्हणून त्याने मेंढीवाल्यालाही एक बोट दाखवलं. तेही क्रीगनने बघितलं. आकडा वाढला.

आता टॅन्सी मागे वळला आणि त्याने फिनबारकडे रोखून पाहिलं. त्याच्या त्या नजरेने भलेभले दलाल गप्प बसलेले आहेत. फिनबारने त्यालाही बोट उचलून नमस्कार केला. टॅन्सी लाल झाला. एवढ्या शांतपणे त्याला बाजारात कुणी आव्हान दिलं नव्हतं. त्याने एकदा मान हलवली. बोट वर गेलं. टॅन्सीने काठी बगलेत मारली, "घे जा!" म्हणाला आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला. हे दोनशे माणसांनी पाहिलं. तो परत आला नाही, हेही पाहिलं.

क्रीगन मात्र पुकारत राहिला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग फिनबारकडे. बोट. आकडा वाढला. डावीकडे, उजवीकडे, छत. फिनबार. बोट. क्रीगनचा चेहरा फुलत गेला.

अखेर तो दमला. "मालक कुठे आहे? देऊन टाकायची ना?" असं म्हणून त्याने सभोवार बघितलं.

फिनबारने बोट उचललं.

"मालक देतोय म्हणतो! दिली!" हातोडा पडला. "घेणारा कोण?"

फिनबारने बोट उचललं.

कचेरीतल्या कारकुनाने एका कागदावर विकणाऱ्याचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यावर घेणाऱ्याचं. दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातात दिले. आकडा मोठा तेवढा बाजाराचा वाटाही मोठा; तो विकणाऱ्याकडून कापून घेतला. घेणाऱ्याकडूनही घेतला. त्याला काही विचित्र वाटलं नाही.

डेलियामावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. दगडी कुंपणाच्या फाटकापाशी फिनबार दिसला. महत्त्वाचं होतं, म्हणून तो तिथूनच ओरडला.

"विकली!"

मावशीने डोळ्यांना पदरासारखा ॲप्रन लावला. फिनबार जवळ आला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुझ्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं मावशी. चांगली गाय होती हो."

"टॅन्सीने नेली का रे?"

"नाही."

"मग घर चांगलं आहे?"

"चांगलं आहे. कौलं थोडी गळतात."

"तिला मारणार नाहीत ना?"

"तीच मारते."

मावशीने ॲप्रन खाली घेतला. "फिनबार, कुणाच्या घरी दिलीस?"

"आपल्या," फिनबार म्हणाला.

कुंपणावरून मर्टलने डोकं वर काढलं आणि मावशीकडे बघून हंबरली. मावशी आधी रडली. मग तिने फिनबारला इतक्या शिव्या दिल्या की पलीकडे मॉसीने आणि उनाने खिडकी उघडून ऐकल्या. मग ती म्हणाली, "स्टूल आण. हिचं दूध तुंबलं असेल."

गावाने फिनबारला मूर्ख ठरवलं, ते ठीकच. तो स्वतःही नाकारत नाही. कुणी तोंडावर म्हटलं तरी तो एक बोट उचलतो. पण बाजाराच्या दप्तरात त्या गायीची नोंद आहे, आणि ती मी स्वतः वाचली आहे. टॅन्सी चहाला गेल्यानंतर मर्टलचा आकडा आणखी अठरा वेळा वाढला. त्यातल्या नऊ वेळा बोट फिनबारचं होतं. उरलेल्या नऊ वेळा त्याच्याविरुद्ध बोली कुणाची होती, हे डिनी क्रीगनला तीनदा लेखी विचारलं. अजून उत्तर नाही.